पंप पुन्हा पुन्हा घुरघुरतोय? घरी बांधलेल्या विमानाच्या हायड्रॉलिक चाकांचा दोष कसा शोधायचा

जानेवारीतली दुपार होती. इंडियानाहून ओहायोकडे साडेसात हजार फुटांवरून घरी परतत होतो. खाली बर्फाने पांढरी झालेली शेतं, हवा शांत. तेवढ्यात सीटमागून ‘घुर्र’ असा आवाज आला आणि अर्ध्या सेकंदात थांबला. चाकांच्या पंपाचा आवाज. अकरा मिनिटांनी पुन्हा तेच, आणि त्यानंतर नऊ मिनिटांनी आणखी एकदा. घरी पोहोचेपर्यंत मी गुडघ्यावरच्या कागदावर सहा वेळा लिहून ठेवल्या होत्या.

दोष शोधायचं काम त्या कागदापासूनच सुरू झालं. पण मी तो बाजूला ठेवून आधी पाने (स्पॅनर) हातात घेतले, आणि त्यापायी दोन महिने घालवले. तुमचे ते वाचावेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, ती बातमी गाजल्यापासून गावाकडची इंजिनीअर पोरं मला अशा गोष्टी विचारत असतात. त्यांच्यासाठी हे मराठीतच असलेलं बरं.

माझं विमान लँकेअर ३६०. दोन माणसांचं, काचतंतूंचं, १८० अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन. घरी जोडायच्या सुट्या भागांचं किट १९९७ साली घेतलं, पहिलं उड्डाण २००५ साली. तुमचं विमान वेगळं असेल तर आकडे तुमच्या मॅन्युअलमधले घ्या. शोधायची पद्धत मात्र हीच चालेल.

आधी यंत्रणा डोक्यात बसवा

या विमानात चाकं वर अडकवून ठेवणारं कुलूप नाही. ती वर राहतात ती केवळ तेलाच्या दाबावर. मोटर, पंप आणि तेलाची टाकी मिळून एकच डबा असतो, त्याला पॉवर पॅक म्हणतात. मोटर एका दिशेने फिरली की ‘वरच्या’ लाइनमध्ये दाब येतो आणि चाकं आत जातात, उलट फिरली की ‘खालच्या’ लाइनमध्ये येतो आणि चाकं बाहेर पडतात. दोन्ही लाइनींवर एकेक प्रेशर स्विच आहे. ठरलेला दाब आला की तो मोटर बंद करतो, आणि दाब उतरला की पुन्हा चालू करतो. वर घेताना हा दाब हजार पीएसआयच्या आसपास जातो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या तीसपट.

चाकं खाली आल्यावर मात्र दाबाची गरज उरत नाही. चाक धरणाऱ्या प्रत्येक पायाला ओव्हर-सेंटर लिंक, म्हणजे दुमडणारी जोडदांडी, आहे. गुडघा सरळ होऊन किंचित मागे दाबला गेला की उभा माणूस जसा न थकता उभा राहतो, तशी ही लिंक मध्यरेषेपलीकडे गेली की वजन तिला आणखी घट्ट करतं.

तिसरी गोष्ट डंप व्हॉल्व्ह. कॉकपिटमधला हा छोटा कॉक उघडला की वरची आणि खालची लाइन एकमेकींना जोडल्या जातात, दाब संपतो आणि चाकं स्वतःच्या वजनाने खाली पडतात. पुढचं चाक मागच्या बाजूला, वैमानिक आणि सहप्रवासी यांच्या पायांमधल्या बोगद्यात दुमडतं. त्याला समोरच्या वाऱ्याविरुद्ध बाहेर यावं लागतं, म्हणून त्याच्या मदतीला एक गॅस स्ट्रट दिलेला असतो. हॅचबॅक गाडीचं मागचं दार उचलून धरणारी नळी तुम्ही पाहिली असेल, त्याच जातीचा.

म्हणजे उडताना पंप मधूनमधून चालत असेल, तर वरच्या लाइनमधलं तेल कुठेतरी निसटतं आहे. प्रश्न एकच: कुठे?

हात घालण्यापूर्वी

विमान जॅकवर घ्या, शेपूट वजनाने बांधा आणि ढकलून पाहा. हललं तर पुन्हा बसवा. चाकांच्या खळग्यात डोकं घालायच्या आधी पंपाचा ब्रेकर (बाहेर ओढला की वीज तोडणारं बटण) ओढा आणि बॅटरीची तार काढा. या पायांच्या जोरापुढे बोटांचं काही चालत नाही, म्हणून चाकं हलवायची असतील तेव्हा एक माणूस कॉकपिटमध्ये, एक बाहेर, आणि बाहेरचा मोठ्याने ‘मोकळं’ म्हणेपर्यंत आतल्याने स्विचला हात लावायचा नाही. आमच्याकडे बाहेर माझी बायको असते. तिचा ‘मोकळं’ शेजारच्या हँगरात ऐकू जातो, आणि तो तसाच हवा.

गळती हाताने चाचपून शोधू नका, हे तर पाठच करा. दाबाखालच्या बारीक छिद्रातून निघणारं तेल सुईसारखं कातडीत घुसतं. बाहेर टाचणीएवढा ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही, आणि आत बोट मरत जातं. असं झालं तर ‘उद्या बघू’ नाही, त्याच क्षणी शस्त्रक्रियेची सोय असलेलं इस्पितळ गाठायचं आणि दाबाचं तेल घुसलंय हे तिथे स्पष्ट सांगायचं. संशयित जागेसमोरून पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, धार असेल तर पुठ्ठ्यावर उमटते. डोळ्यांवर चष्मा हवाच.

तेलही योग्य हवं. इथे लाल रंगाचं खनिज तेल लागतं, ५६०६ नंबरचं. मोटारीचं ब्रेक ऑइल यात चुकूनही जाता कामा नये. त्याने नायट्राइलच्या ओ-रिंगा (तेल अडवणारी रबरी कडी) फुगतात आणि मऊ पडतात. एका विमानात असं झालेलं मी पाहिलं आहे: एकूण एक ओ-रिंग, होज आणि पंपाचे सील बदलावे लागले. उरलेल्या डब्यावर लेबल नसेल तर तो डबा टाकून द्या.

पहिला फाटा: तेल बाहेर जातंय की आतल्या आत?

टाकीतली पातळी मोजा, पण नेहमी चाकांच्या एकाच स्थितीत. सिलिंडरमधला दांडा आत असताना आणि बाहेर असताना टाकीतलं तेल वेगवेगळ्या रेषेवर दिसतं. हे न कळल्यामुळे ‘तेल कमी झालं’ म्हणून टाकी काठोकाठ भरणारे पुष्कळ आहेत, मग पुढच्या फेरीला ते टाकीच्या व्हेंटमधून, म्हणजे हवेच्या भोकातून, विमानाच्या पोटात सांडतं आणि माणूस नसलेली गळती शोधत बसतो.

सगळे जोड पुसून कोरडे करा, प्रत्येकाभोवती पांढरा टिश्यू पेपर गुंडाळा, चाकं पाच-सहा वेळा वर-खाली करा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी कुठल्या कागदावर लाल डाग आहे ते दिसेलच. बाहेरची गळती सोपी असते. बहुतेक वेळा फ्लेअरचा, म्हणजे नळीचं टोक शंकूसारखं फाकवून नटाने आवळलेला, जोड निघतो. विमानाचे फ्लेअर ३७ अंशांचे असतात, मोटारींचे ४५ अंशांचे. दिसायला सारखेच. चुकीच्या हत्याराने केलेला फ्लेअर कितीही आवळला तरी गळतो, आणि शेवटी आवळून आवळून नळी चिरते. गळणारा फ्लेअर आणखी आवळण्याआधी तो एकदा उघडून पाहा.

पातळी तीच आहे, कागद कोरडे आहेत आणि तरी पंप चालतो, तर तेल आतल्या आत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातं आहे. माझं हेच होतं.

एक अपवाद इथेच सांगतो. वर चढताना दर हजार फुटांना तापमान साधारण दोन अंशांनी उतरतं. बंद लाइनमधलं तेल आक्रसतं, दाब पडतो आणि पंप एक-दोनदा चालतो. तो दोष नाही. सरळ पातळीत अर्धा तास उडूनही घड्याळ लावल्यासारखा पंप येत राहिला, तर मात्र दोष आहे. म्हणूनच तो वेळांचा कागद महत्त्वाचा.

जो पाय आधी लोंबतो तो चोर असेलच असं नाही

माझी चूक इथे झाली. विमान जॅकवर घेतलं, चाकं वर घेतली, ब्रेकर ओढला आणि बघत बसलो. वीस-बावीस मिनिटांनी पुढचं चाक हळूच खाली झुकलं. मी म्हटलं, सापडलं! पुढच्या सिलिंडरची ओ-रिंग बदलली. पुन्हा तेच. मग डावा, मग उजवा. तिन्ही सिलिंडर उघडले, तिन्हींच्या ओ-रिंगा नव्या, आणि पुढचं चाक पुन्हा बावीस मिनिटांनी खाली.

उत्तर आकृतीतच होतं. तिन्ही सिलिंडर एकाच वरच्या लाइनवर आहेत. गळती कुठेही असो, दाब तिघांचा एकदमच उतरतो. मग आधी कोण झुकणार? ज्याला खाली ढकलणारा जोर सर्वांत जास्त तो. पुढच्या चाकामागे गॅस स्ट्रट सतत रेटा देत असतो, म्हणून ते आधी आलं. सिलिंडरचा त्यात काही दोष नव्हता.

कोल्हापुरात आमच्या अण्णांचं उद्यमनगरात ट्रॉलीचे जॅक दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. ऊस भरलेली ट्रॉली अर्ध्यात उतरायला लागली की शेतकरी म्हणायचा, ‘पंप गेला.’ अण्णा आधी परतीची नळी सोडून तिच्या तोंडाशी वाटी धरायचे. दाब धरून ठेवलेला असताना परतीच्या तोंडातून तेल येतं, याचा अर्थ ते आतून पलीकडे जातंय. हे मी लहानपणी शंभर वेळा पाहिलं होतं, पण विमानाच्या बाबतीत आठवलं तिसरा सिलिंडर परत बसवल्यावर.

मग घरून स्टीलच्या तीन वाट्या आणल्या. पद्धत अशी:

चाकं वर घ्या, पंप आपोआप बंद होऊ द्या, ब्रेकर ओढा. वर गेलेल्या प्रत्येक पायाखाली लाकडी ठोकळ्यांचा आधार रचा, म्हणजे दाब अचानक गेला तरी पाय तुमच्यावर येणार नाही. वरच्या लाइनवर प्रेशर गेज लावलेला असला तर काम फार सोपं होतं. आता प्रत्येक सिलिंडरवर *खालच्या* लाइनचा नट सोडा. दोन पाने वापरा, एकाने फिटिंग धरायची, दुसऱ्याने नट. आधी पाव फेरा, फडकं गुंडाळून, आणि थांबा. उरलासुरला दाब सुटू द्या. नळीच्या टोकाला प्लग लावा, नाहीतर टाकी रिकामी होईल. सिलिंडरचं तोंड उघडंच ठेवा आणि खाली वाटी. सुरुवातीचे चार-सहा थेंब तोंडात साचलेल्या तेलाचे असतात, ते पुसून टाका आणि मग घड्याळ लावा.

स्टीलच्या वाटीत लाल थेंब पडला की चुकत नाही. ज्या सिलिंडरखालची वाटी भरत जाते त्याच्या पिस्टनची ओ-रिंग गेली आहे. माझ्या तिन्ही वाट्या वीस मिनिटं कोरड्या, आणि गेजचा काटा मात्र खाली सरकत होता.

याचा अर्थ तेल सिलिंडरपर्यंत जाण्याआधीच पलीकडे निसटत होतं. आता जागा दोनच उरल्या: डंप व्हॉल्व्ह, नाहीतर पॉवर पॅकच्या आतला चेक व्हॉल्व्ह, म्हणजे तेल एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. डंप व्हॉल्व्हची खालच्या बाजूची नळी सोडली, प्लग लावला, वाटी धरली. चाळीस सेकंदांनी एक थेंब आला, आणखी चाळीस सेकंदांनी दुसरा.

(तिथेही कोरडं निघालं असतं तर पॉवर पॅक वेगळा तपासायचा. चाकं खाली लॉक करून, दाब सोडून, पॅकमधून निघणारी वरची नळी काढायची, त्या तोंडाला दाब सोसणारी टोपी आणि गेज लावायचा, आणि पंप क्षणभर ‘वर’ चालवायचा. काटा चढून तिथेच राहिला तर पॅक चांगला. उतरला तर दोष पॅकच्या आत.)

व्हॉल्व्ह बाकावर उघडला. भिंगाखाली पाहिलं तर झडप जिथे बसून बंद होते त्या गोल कडेवर एक पांढरा केस आडवा पडलेला दिसला, नखापेक्षा लांब नाही. चिमट्याने ओढला तर तो ताणला गेला. टेफ्लॉन टेप. दोन वर्षांपूर्वी गेज बसवताना पाइपच्या आट्यांना मीच टेप गुंडाळला होता. त्याची एक चिंधी सुटून तेलाबरोबर फिरत फिरत इथे येऊन बसली होती. कड साफ केली, सील नवा घातला, आणि बावीस मिनिटांत लोंबणारं चाक दुसऱ्या दिवशी सकाळीही वरच होतं.

तेव्हापासून हायड्रॉलिकमध्ये टेप बंद. निमुळत्या पाइप-आट्यांना तेलाला चालणारा पातळ सीलंट, तोही पहिला आटा कोरडा सोडून. फ्लेअरच्या जोडाला तर काहीच लावायचं नाही. तिथे सील करतो तो धातूचा शंकू, आटे नाहीत.

बाकीच्या तक्रारी

पंप चालतो पण चाकं हलतच नाहीत: सगळ्यात आधी डंप व्हॉल्व्ह उघडा राहिलाय का ते बघा. वार्षिक तपासणीनंतर हे हमखास होतं. मग तेलाची पातळी, मग टाकीचं व्हेंटचं भोक. ते बुजलं तर पंपाला तेल ओढता येत नाही आणि तो खरखरत्या आवाजात कुरकुरतो. लाइनमध्ये हवा असेल तर जॅकवर चाकं सात-आठ वेळा वर-खाली करा, मध्ये मोटर गार होऊ द्या. ही मोटर मिनिटभर सलग चालण्यासाठी बनवलेली नाही.

पंप थांबतच नाही: ब्रेकर लगेच ओढा, नाहीतर मोटर जळेल. गेज ठरलेला दाब दाखवत असेल तर प्रेशर स्विच गेला. दाबच चढत नसेल तर वरची सगळी शोधाशोध.

पंप मुका: मोटरला वीज जोडणाऱ्या रिलेचा ‘टक्’ ऐका. टक् येतो पण मोटर फिरत नाही, तर व्होल्टेज मोटरच्या टर्मिनलवर, स्विच दाबलेला असताना मोजा. मोकळ्या तारेवर मीटर १२.६ दाखवतो आणि तुम्ही तार चांगली समजता, तीच तार भार आल्यावर नऊवर कोसळते. काचतंतूंच्या विमानात धातूची बॉडी नाही, त्यामुळे प्रत्येक निगेटिव्ह तार बॅटरीपर्यंत परत न्यावी लागते, आणि दुखणं बऱ्याचदा त्या परतीच्या तारेच्या टोकाच्या गंजलेल्या लगमध्ये (धातूच्या कडीत) असतं.

गॅस स्ट्रट आणि तीन हिरवे दिवे

लोक पंपाची काळजी करतात आणि गॅस स्ट्रटला विसरतात. मला हे उलटं वाटतं. पंप गेला तर डंप व्हॉल्व्ह आहे. स्ट्रट मेला असेल आणि त्याच दिवशी डंप करावं लागलं, तर दोन मोठी चाकं खाली येतील आणि पुढचं वाऱ्यात अर्धवट लोंबत राहील.

स्ट्रटमधला नायट्रोजन वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातो आणि बाहेरून काही कळत नाही. थंडीत जोर आणखी घटतो: २५ अंशांच्या हँगरातून उणे १० अंशांच्या हवेत गेलात की वायूचा दाब जवळजवळ १२ टक्के कमी होतो. म्हणून जॅकवर केलेली डंप चाचणी पुरेशी नाही, तिथे वारा नसतो. मी डंप उघडून चाक खाली येताना अॅक्सलला स्प्रिंगचा काटा अडकवून मागे ओढून धरतो आणि स्ट्रट किती जोराने पुढे ढकलतो ते लिहून ठेवतो. नवा स्ट्रट घातला तेव्हाचा आकडा लॉगबुकच्या पहिल्या पानावर आहे, दरवर्षी त्याच्याशी ताडून बघतो. मोठा फरक दिसला की स्ट्रट नवा. उन्हाळ्यात चाचणी करू नका, हँगर थंड असताना करा.

कॉकपिटमध्ये प्रत्येक पायाचा एक हिरवा दिवा असतो. तो लागला म्हणजे लिंक लॉक झाली, असं धरून चालू नका. दिवा फक्त मायक्रोस्विच दाबला गेला एवढंच सांगतो. दाब सोडून लिंक हाताने हळूहळू पुढे न्या. ती मध्यरेषा ओलांडून टेकल्यानंतरच ‘टिक्’ यायला हवा. टिक् आधी आला तर स्विच सरकवा. एखादा दिवा लागत नसेल तर आधी बल्ब शेजारच्या खोबणीत घालून पाहा.

हवेत असताना

आधी विमान उडवा. उंची घ्या, विमानतळाच्या गर्दीतून बाजूला व्हा, वेग मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत कमी करा. मग पंपाचा ब्रेकर ओढा, स्विच ‘खाली’ करा, आणि *त्यानंतर* डंप व्हॉल्व्ह उघडा. हा क्रम मोडू नका: ब्रेकर न ओढता डंप उघडला तर दाब कधीच चढणार नाही आणि पंप जळेपर्यंत फिरत राहील. एखादा पाय अडला तर रडरने विमान डावी-उजवीकडे हलवा. तीन हिरवे दिवे आले की काहीही न हलवता उतरा. ‘एकदा वर घेऊन बघू’ हा मोह आवरा. हवेत दोष शोधायचा नसतो.

दुरुस्तीनंतर

जॅकवर किमान दहा वेळा चाकं वर-खाली, त्यातल्या दोन डंप व्हॉल्व्हने. शेवटी व्हॉल्व्ह बंद केला का ते दुसऱ्या माणसाने हात लावून सांगायचं. मग चाकं वर ठेवून, ब्रेकर ओढून, ठोकळ्यांच्या आधारावर रात्रभर तसंच. पहिल्या उड्डाणात विमानतळावरच चकरा मारा, आणि दहा तासांनी सगळे जोड पुन्हा टिश्यूने पुसून पाहा.

अमेरिकेच्या नियमानुसार हौशी बांधणीच्या विमानावर दुरुस्ती कुणीही करू शकतो. वर्षाच्या तपासणीची सही मात्र रिपेअरमन प्रमाणपत्र असलेल्या बांधणाऱ्याची किंवा परवानाधारक मेकॅनिकचीच लागते. सही कुणाचीही असो, लॉगबुकात ‘गळती दुरुस्त केली’ एवढंच लिहू नका. माझी नोंद अशी आहे: पंप दर ९ ते ११ मिनिटांनी, टाकीची पातळी कायम, तिन्ही सिलिंडर २० मिनिटं कोरडे, डंप व्हॉल्व्ह ४० सेकंदांना १ थेंब, बसण्याच्या कडेवर टेफ्लॉनचा तंतू, कड साफ, सील नवा, १४ तासांनंतर चाकं वर.